तो आवाज टेबलाचा होता

माझ्या ताईचं लग्न माझ्या वडिलांनी पालथं पडून ठरवलं. म्हणजे झालं असं, की ताईने आपला मुलगा स्वतःच पसंत केला आणि एक दिवस घरी आणून सोफ्यावर बसवला. बाबांनी विचारलं, "काय करता?"

"डॉक्टर आहे."

बाबा खूश. "कसले?"

"कायरोप्रॅक्टर."

बाबांची खुशी जरा सरकली. "औषध काय देता?"

"औषध देत नाही."

"इंजेक्शन?"

"नाही."

"मग ऑपरेशन?"

"नाही हो. हातानं मणके, सांधे मोकळे करतो."

बाबांनी आईकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मुलगी डॉक्टर म्हणून मालिशवाला घेऊन आली आहे. पण त्या मुलाचं लक्ष बाबांच्या चेहऱ्याकडे नव्हतंच. ते बाबांच्या बसण्याकडे होतं. "तुम्ही पाकीट पँटच्या मागच्या उजव्या खिशात ठेवता का?" तो म्हणाला. "आणि उजवी कंबर सकाळी उठल्या उठल्या जास्त दुखते?" पंधराव्या मिनिटाला बाबा दिवाणावर पालथे पडले होते आणि उशीत तोंड खुपसून म्हणत होते, "मुलगा चांगला आहे गं."

तेच आमचे भाऊजी. गेली एकवीस वर्षं ते लोकांच्या पाठी बघत आले आहेत. त्यांच्या दवाखान्याच्या बोर्डावरचा शब्द इतका लांब आहे, की तो खालून वाचता वाचताच माणसाची मान अवघडते आणि मग तो जिना चढून वरच येतो, असं मी म्हणत असे. आता नाही म्हणत. भाऊजींच्या दवाखान्याविषयीचे माझे बरेचसे विनोद मी गेल्या वर्षी बंद केले. का केले, तेच सांगायचं आहे.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लांब बाक, खिडकी आणि रजिस्टर घेऊन बसलेली ताई. आतल्या खोलीत भाऊजी आणि टेबल. येणारी दुखणी साधी असतात, आपली सगळ्यांची असतात तीच. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून बोलणाऱ्या कारकुनाची मान. बादली उचलताना "कट" झालेली कंबर. दिवसभर खुर्चीत मुटकुळं करून बसणाऱ्या मुलीचं डोकं. भाऊजी हात लावायच्या आधी अर्धा तास बोलतात. ते म्हणतात, "कुठं दुखतं हे सगळेच विचारतात. मी विचारतो, कधी दुखत नाही?" माणूस विचारात पडतो. मग आठवून सांगतो, की रविवारी दुखत नाही, किंवा चालताना दुखत नाही. अर्धं निदान तिथेच होतं.

मग तो नेमका सांधा शोधून एक छोटा, झटकन दिलेला दाब. पुष्कळदा 'कट' असा आवाज येतो. लोकांना वाटतं, सरकलेला मणका जागेवर बसला. भाऊजी प्रत्येकाला न कंटाळता सांगत, की काहीही बसलेलं नाही आणि काही उठलंही नव्हतं. सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा होतो, बोटं मोडताना होतो तसाच, त्याचा तो आवाज. सांधा जरा मोकळा होतो, आखडलेला स्नायू जरा सैल पडतो, चार दिवस बरं वाटतं. त्या चार दिवसांत तुम्ही चालायला लागा, व्यायाम करा, खुर्ची बदला. खरं औषध ते. आणि ज्याच्या दुखण्याचा वास त्यांना वेगळा येई, ताप, वजन घटणं, हातापायात बधिरपणा, त्याला ते टेबलावर घेतच नसत. चिठ्ठी लिहून थेट हॉस्पिटलात. एवढे हे काटेकोर. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

दवाखान्याच्या बरोबर खाली केस कापायचं दुकान आहे. मालक म्हणजे गल्लीचे कात्रीमामा. वय पंचावन्न, त्यातली पस्तीस वर्षं उभ्याने गेलेली. मामांची खासियत अशी, की केस कापून झाले की गिऱ्हाईकाच्या हनुवटीला एक हात, टाळूला एक हात, आणि डावीकडे कट्ट, उजवीकडे कट्ट. फुकट. भाऊजींच्या काळजाचं पाणी पाणी होई.

"मामा, एखाद्या दिवशी कुणाची तरी मान तुमच्या हातात राहील."

"डॉक्टर, मी मान मोडायचं सोडलं तर तुमच्याकडे येणार कोण?"

हा संवाद जिन्याच्या पायथ्याशी रोज चाले. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. भाऊजी केस मामांकडेच कापत आणि खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःची मान दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवत.

तर एक दिवस हे मामा कठडा धरून जिना चढून आले. कंबरेतून उजव्या पायात कळ जात होती. भाऊजींनी पहिल्या दिवशी सगळं रीतीप्रमाणे केलं. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. पाय सरळ वर उचलून पाहिला. चवड्यांवर चालवलं, टाचांवर चालवलं. ताकद पूर्ण होती. मग मामांना कुशीवर घेऊन हलकासा दाब दिला.

"झालं," भाऊजी म्हणाले.

"काय झालं? आवाज कुठाय?"

भाऊजींनी बुडबुड्याचं पुराण सांगितलं. मामांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, हा बुडबुडा तुम्ही कारकुनांना सांगा. मी पस्तीस वर्षं माना मोडतोय. आवाज आल्याशिवाय गिऱ्हाईक खुर्चीतून उठत नाही."

दुसऱ्या खेपेलाही आवाज आला नाही. त्या दिवशी मामांनी खाली दुकानात जाहीर केलं, की वरचे डॉक्टर कारकुनांच्या पाठींना बरे, आपल्यासारख्या कष्टाच्या पाठीला हात लावायला घाबरतात. हे बोलणं जिन्याने वर आलं. बोलण्याला जिना चढायला त्रास होत नाही. भाऊजी हसले, पण ते त्यांना लागलं. विद्येचा अपमान माणूस गिळतो. हातात जोर नाही म्हटलं, की चाळिशीनंतरही कुठेतरी झोंबतं.

आता त्या टेबलाबद्दल सांगायला हवं. ते टेबल अखंड नसतं, तुकड्यांचं असतं. डोक्याचा तुकडा, छातीचा, कंबरेचा. कंबरेचा तुकडा कळ दाबून बोटभर वर उचलून ठेवता येतो. मग वरून हलका दाब दिला, की तो तुकडा खाली पडतो. त्यामुळे माणसाला पिळावं लागत नाही, हाताला जोर लागत नाही. वयस्कर माणसांसाठी फार चांगली सोय. फक्त तो तुकडा पडताना जोरात वाजतो. 'ठाक!' दार आपटल्यासारखा.

तिसऱ्या खेपेला भाऊजींनी मामांना पालथं झोपवलं आणि तो तुकडा वर उचलला. उपचार म्हणून त्यात काही चुकीचं नव्हतं. उलट ते योग्यच होतं. दाब दिला. ठाक!

"आहाहाहा!" टेबलाच्या भोकात तोंड असलेले मामा ओरडले. "बसला! बसला की नाही डॉक्टर?"

इथे चार शब्द बोलायचे होते. 'मामा, ते टेबल होतं.' भाऊजींनी तोंड उघडलंसुद्धा होतं, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. पण तोंडातून आलं ते असं: "हळू उठा आता. घाई करू नका."

खोटं ते एक अक्षर बोलले नाहीत. पुढे त्यांना सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

मामा जिना उतरले ते चौघडा वाजवतच. "अरे, काय हात आहे! बाहेरच्या खोलीत ऐकू आला आवाज! विचारा वहिनींना!" दुकानातला प्रत्येक माणूस ऐकत होता, आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. आठवड्याभरात बाकावर जागा पुरेना. येणारा प्रत्येक जण म्हणे, "मामांचं बसवलं तसं आमचं बसवा." आणि भाऊजी, जे एकवीस वर्षं बुडबुडा समजावत आले होते, त्यांनी हळूहळू बुडबुडा समजावणं सोडलं. गर्दी फार होती ना. वेळ कुठे होता?

मामांच्या खेपा चालू राहिल्या. दर खेपेला ठाक, दर खेपेला आहाहा. पहिल्या दिवशी केलेली तपासणी मात्र पुन्हा झाली नाही.

सहाव्या खेपेला मी तिथे होतो. मामा वर आले ते एका पायात चप्पल घालून. दुसरी मागे चौथ्या पायरीवर राहिली होती आणि मामांना त्याचा पत्ताही नव्हता. बाकावरच्या कुणीतरी दाखवून दिलं. भाऊजी आतल्या खोलीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "मामा, तुमची बडबड ऐकून चप्पलसुद्धा कंटाळली. अर्ध्या वाटेत उतरली!"

बाक हसला. मामा तर डोळे पुसेपर्यंत हसले. मी इतका हसलो, की घरी जाऊन जेवताना तो विनोद दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा थोडा माझा म्हणून.

ताई हसली नव्हती. बाक रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "अहो, मामांचा पाय जिन्यावर वेगळा वाजतो. एक टप वाजतो, एक थप्प."

"चप्पल सैल असेल."

"चप्पल सैल असती तर दोन्ही निघाल्या असत्या. उजवीच कशी निघते?"

"बरं," भाऊजी म्हणाले, "उद्यापासून तू तपास, मी रजिस्टर लिहितो."

ताईने रजिस्टर मिटलं. आमची ताई रजिस्टर मिटते तेव्हा तो पूर्णविराम असतो. मी मध्ये काहीतरी गंमत करून विषय बदलला. तेव्हा मला वाटलं होतं, मी भांडण मिटवतोय.

सातव्या खेपेला मामा आनंदात आले. "डॉक्टर, पायातली कळ गेली! हात सोन्याचा आहे तुमचा!" भाऊजींनाही आनंद झाला. कळ जाणं ही चांगलीच गोष्ट. पण दाबलेली नस मरायला लागली, की तीही ओरडायची थांबते. हे त्यांना ठाऊक होतं. कुणीही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, इतकं ठाऊक होतं. पण समोर माणूस खुशीत होता, बाहेर अकरा माणसं बसली होती, आणि सोन्याच्या हाताला कुणी शंका विचारत नसतं.

आठव्या खेपेला ताईने मामांना दारातच अडवलं. "मामा, चपला काढा. या बाकापासून त्या खिडकीपर्यंत टाचांवर चालून दाखवा."

"वहिनी, या वयात नाच?"

"चाला हो."

मामा हसत निघाले. डावा पाय टाचेवर छान उभा राहिला. उजवी टाच टेकली आणि मागोमाग चवडा फरशीवर आपटला. थप्प. पुन्हा टाच, पुन्हा थप्प. मामांनी खाली पाहिलं. "अरेच्चा," ते म्हणाले, "हा ऐकत नाही की!" आणि बाकाकडे बघून हसले.

भाऊजी हात पुसत बाहेर आले होते. त्यांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ते फरशीवर गुडघे टेकून बसले आणि मामांचा पाय हातात घेतला. "पंजा वर ओढा. स्वतःकडे."

"ओढतोय."

पंजा दोरीवरच्या ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला.

"मामा, केव्हापासून आहे हे?"

"काय केव्हापासून? तुम्हीच नाही का म्हणालात, चप्पल कंटाळली म्हणून? तेव्हापासूनच असणार."

मामा हे टोमणा म्हणून बोलले नाहीत. त्यांना तो विनोद अजून आवडत होता.

भाऊजींनी बाकावरच्या सगळ्यांना घरी पाठवलं आणि मामांना टॅक्सीत घालून स्वतः हॉस्पिटलात नेलं. कंबरेतल्या चकतीचा तुकडा बाहेर येऊन नसेवर बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. सर्जन बाईंनी आधी एवढंच विचारलं, "पाय कधीपासून पडतोय?" मामा म्हणाले, "तीनेक आठवडे झाले." बाईंनी भाऊजींकडे पाहिलं. "उपचार तुमच्याकडे चालू होते?" "हो." "नस फार दिवस दाबलेली दिसते. जरा आधी आले असते तर..." बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "असो." भाऊजी मला म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

आता कुणालाही वाटेल, की मामा रागावले असतील. त्याउलट झालं. दोन महिन्यांनी मामा लोंबणारा पंजा धरून ठेवणारी पट्टी बांधून, उंच स्टुलावर टेकून पुन्हा केस कापायला लागले, आणि कात्रीच्या प्रत्येक कचकचीगणिक भाऊजींची कीर्ती वाढू लागली. "आठ वेळा बसवला माणसानं! आठ वेळा! आणि नवव्यांदा म्हणाले, मामा, आता हे माझ्या हाताबाहेर, चला. स्वतः नेलं. सख्खा भाऊ नेणार नाही असं नेलं." गोष्ट दर हजामतीला वाढत होती. एका आवृत्तीत तर भाऊजींनी मामांना पाठुंगळीला घेऊन जिना उतरवला होता.

त्या दिवसापासून भाऊजींनी टेबलाचा तो तुकडा उचलला नाही. पण खाली जाऊन ते चार शब्द बोलणंही त्यांच्याने होईना. ते दुकानावरून जाताना वर वीज मंडळाच्या तारांकडे बघत जात. केस वाढले. आधी कानांवर आले, मग कॉलरवर. पेशंटना वाटलं, डॉक्टर सतार शिकतायत.

"केस कापून या," ताई म्हणे.

"वेळ नाही."

"वेळ नाही की तोंड नाही?"

मी एकदा म्हटलं, "भाऊजी, झालं गेलं. मामा तर खूश आहेत. कशाला उगाच?" त्यावर ते म्हणाले, "खूश आहेत, हेच तर सहन होत नाही. तो माणूस लंगडतो आणि माझे आभार मानतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर येशील का? केस कापायला?"

अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस मेहुण्याला सोबतीला घेऊन केस कापायला निघाला. दुकान उघडायच्या वेळेला जायचं, म्हणजे कुणी नसेल, असा बेत. पण सुट्टीचा दिवस निघाला आणि बाकावर आधीच तिघं: ऐकायला कमी येणारे निवृत्त मास्तर, एक ट्रकवाला आणि खांद्यावर फोन धरणारा तो कारकून. तिघंही भाऊजींचेच पेशंट.

"या या या!" मामा स्टुलावरून अर्धवट उठले. "मंडळी, यांना आधी घेतो हं. माझा पाय यांच्यामुळे आहे." आणि कुणी नाही म्हणायच्या आत भाऊजींच्या गळ्याभोवती कापड बांधलं गेलं. मी बाकाच्या टोकाला टेकलो.

कात्री चालू झाली. डाव्या बाजूचे केस पडले. भाऊजी आरशात बघत नव्हते, मांडीवर पडणाऱ्या केसांकडे बघत होते. तसंच बघत ते हळूच म्हणाले, "मामा, तो आवाज यायचा ना."

"यायचा म्हणजे! ठाक!" मामा बाकाकडे वळले. "ऐका, डॉक्टर स्वतः सांगतायत."

"तो टेबलाचा होता."

"काय टेबलाचा?"

"टेबलाचा एक तुकडा पडतो. तो वाजायचा. तुमची पाठ एकदाही वाजली नाही."

कात्री हवेत थांबली. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही. तुम्ही विचारलंत, बसला का, तेव्हा मी सांगायला हवं होतं. मला बरं वाटलं म्हणून नाही सांगितलं." भाऊजींचा आवाज आणखी खाली गेला. "आणि चप्पल निघाली, त्याच दिवशी मी पाय पुन्हा तपासायला हवा होता. चप्पल पायातून निघून माणसाला कळत नाही, हे लक्षण आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. मी विनोद केला."

मामांनी कात्री खाली घेतली. मग म्हणाले, "मी हसलो त्यावर."

"हो."

"सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, डॉक्टर."

मी फरशीकडे बघत होतो. सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्यांत दुसरा नंबर माझा होता.

"हळू का बोलताय?" मामा एकदम म्हणाले.

"अं?"

"मी दोन महिने मोठ्यानं सांगतोय. या बाकावर बसलेल्या एकेकाला धरून सांगितलं. माझ्या शब्दावर माणसं वर पाठवली. आणि तुम्ही माझ्या कानात कुजबुजताय? खोटं मी ओरडून सांगायचं आणि खरं तुम्ही हळूच?" त्यांनी खुर्ची फिरवली. भाऊजींचं तोंड बाकाकडे झालं. "सांगा. माझ्याएवढ्या आवाजात सांगा."

भाऊजींच्या गळ्याभोवती कापड, डोकं डावीकडून कापलेलं आणि उजवीकडून साधूसारखं. उठून पळायचीही सोय नव्हती. पळायचं त्यांच्या मनातही नसावं. त्यांनी सांगितलं. टेबल, तुकडा, आवाज, चप्पल, पाय. सगळं.

"मास्तरांना कमी ऐकू येतं," मामा म्हणाले. "परत."

भाऊजींनी परत सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने. माणसाला आपली चूक एकदा सांगतानाच घाम फुटतो. दुसऱ्यांदा सांगताना पाठांतर होतं, आणि ते आणखी वाईट. कान लालबुंद झाले होते. एका बाजूचाच दिसत होता, दुसरा केसांत होता.

मास्तरांनी मान पुढे काढली. "म्हणजे माझ्या मानेचा आवाज? तो कुणाचा?"

"तो तुमचाच होता मास्तर. पण त्यानं काही बसलं नाही. तुम्हाला बरं वाटतंय ते रोज फिरायला लागलात म्हणून."

"म्हणजे मी घरी सगळ्यांना उगाचच ऐकवत होतो?"

"हो."

मास्तर खट्टू झाले. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं बहुतेक. ट्रकवाला उठला. "माझी परवाची वेळ होती ना तुमच्याकडे? नको आता. राहू द्या." तो केस न कापताच निघून गेला. कारकून फोनमध्ये काहीतरी शोधू लागला.

मामांनी खुर्ची परत आरशाकडे फिरवली आणि उजवी बाजू कापायला घेतली. ज्या माणसाची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालायची, त्याच्या दुकानात नुसता कात्रीचा आवाज. केस मात्र नेहमीसारखेच कापले, नीट, दोन्ही बाजू सारख्या. एका केसाचंही उट्टं काढलं नाही. कापड झटकलं. सवयीने त्यांचे दोन्ही हात भाऊजींच्या हनुवटीकडे आणि टाळूकडे गेले. भाऊजींनी या वेळी मान धरून ठेवली नाही. ते नुसते बसून राहिले. मामांचे हात तिथे क्षणभर टेकले आणि मागे आले.

"उठा," ते म्हणाले.

भाऊजी उठले. "पायाचा व्यायाम मी करवून घेतो. वर या."

"हॉस्पिटलात करतोय."

"बरं."

रस्त्यावर आल्यावर मला भाऊजींच्या नव्या हजामतीवर एक चांगला विनोद सुचला होता. तो मी गिळला. म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशी मीही हसलो होतो."

"तुझं काम नव्हतं ते ओळखायचं," ते म्हणाले. "माझं होतं."

त्यानंतर दवाखान्याचा बाक ओसरला. जे येत, त्यांना भाऊजी पुन्हा अर्धा तास बुडबुडा समजावत. काहींना तो पटे, काही मध्येच उठून जात. कॅलेंडर बघून प्रत्येक दुसऱ्या आठवड्याला प्रत्येकाला टाचांवर चालवत. त्या तपासणीला आता भाऊजींचीही वाट पाहावी लागत नसे. ताई दारातच म्हणे, "चपला काढा." जिन्याच्या पायथ्याचा रोजचा संवाद बंद झाला होता. मामा दुकानात असत, भाऊजी वर. मधे अठरा पायऱ्या.

दीडेक महिन्याने एका दुपारी ताईने मान वर केली. कुणीतरी जिना चढत होतं, एकेका पायरीवर दोन्ही पाय जुळवत. मामा होते. हॉस्पिटलातल्या खेपा संपल्या होत्या, बाकीचं घरी करा म्हणाले होते, आणि घरी होत नव्हतं.

"टेबलावर झोपणार नाही," दारातूनच ते म्हणाले.

"नकोच," भाऊजी म्हणाले. त्यांनी खिडकीजवळ खुर्ची ठेवली आणि स्वतः समोर जमिनीवर बसले. मामांची पट्टी सोडली. कापसाचा बोळा घेतला.

"डोळे मिटा. इथे कळतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

"आणि इथे, अंगठ्यापाशी?"

मामा थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, समोरच्याला खूश करायचं हसू यायला लागलं होतं. भाऊजी घाईने म्हणाले, "मामा, मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका."

"मी कशाला म्हणू?" मामांनी डोळे उघडले. "ती सवय तुमची."

भाऊजींनी मान खाली घातली. वहीच्या नवीन पानावर त्यांनी तीन वेळा लिहिलं: नाही, नाही, नाही. मग पायाचा पंजा दोन्ही हातांत धरला.

"ओढा वर."

"ओढतोय."

"ओढा."

"ओढतोय म्हटलं ना!"

मी दारातून पाहत होतो. पंजा हलला असं मला वाटलं. मी तसं म्हणणारही होतो. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसलो.

"नाही हलला," भाऊजी म्हणाले. "एक झालं. अजून नऊ."

मामांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि पुन्हा ओढायला लागले. भाऊजी जमिनीवर बसून, डोकं न उचलता, मोजत राहिले.